तहान, घाम आणि वृद्धांचा रोजा

पवित्र कुरआनच्या सूरह अंबियामधील ३०व्या आयतीत अल्लाहने सजीवांची निर्मिती पाण्यापासून केल्याचा उल्लेख आहे. ही आयत आपण खुत्ब्यांमधून, व्याख्यानांमधून वारंवार ऐकतो आणि ऐकताना आपले लक्ष समुद्राकडे, पावसाकडे, ढगांकडे जाते. स्वतःच्या देहाकडे ते क्वचितच वळते. वास्तविक साठ किलो वजनाच्या प्रौढ पुरुषाच्या शरीरात सुमारे ३६ लिटर पाणी असते. नवजात बालकाच्या वजनात तर जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असते. वय वाढते तसे हे प्रमाण घटत जाते आणि म्हातारपणी ते निम्म्यावर येते. माणूस वाळत जातो असे आपण म्हणतो, ते अक्षरशः खरे आहे. या पाण्याचा कारभार शरीरात कसा चालतो, हे समजून घेणे रोजा ठेवणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी आवश्यक आहे. विशेषतः ज्या घरात वृद्ध आहेत आणि जे घर विदर्भात आहे, त्या घरासाठी.

आमचे आष्टी हे वर्धा जिल्ह्याच्या उत्तर भागातील तालुक्याचे गाव. जहांगीर बादशहाच्या काळात ही जहागीर मुहम्मद खान नियाझी यांच्याकडे आली. १६२७ साली ते वारले. त्यांचा आणि त्यांच्यानंतर आलेल्या अहमद खान यांचा मकबरा आजही गावात उभा आहे. वैशाखातील दुपारी या मकबऱ्यांच्या सावलीखेरीज बाहेर कोठे थांबावेसे वाटत नाही. पारा ४५ अंशांच्या वर जाणे येथे नवलाचे नाही. अशा दिवसांत डोक्याला दुपट्टा बांधून संत्र्याच्या बागेत ओलित करणारा मजूर जिवंत राहतो, ही गोष्ट आपल्याला रोजची वाटते. विचार केला तर ती रोजची वाटू नये.

माणसाच्या शरीराचे आतील तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ४० अंशांच्या वर गेले की मेंदूचे काम बिघडू लागते. म्हणजे आरोग्य आणि उष्माघात यांच्यातील अंतर अवघे तीन-चार अंशांचे. आता पाहा: बाहेरची हवा ४५ अंशांची आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीरही शंभर वॅटच्या बल्बइतकी उष्णता सतत निर्माण करीत असते. थंड प्रदेशात ही उष्णता आपोआप हवेत निघून जाते. पण हवाच त्वचेपेक्षा गरम असेल तर उष्णता बाहेर पडण्याऐवजी आत येऊ लागते. अशा वेळी शरीराजवळ एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घाम.

मानवी त्वचेत दोन ते चार दशलक्ष घामाच्या ग्रंथी असतात. त्यांची संख्या जन्मानंतर वाढत नाही. मात्र त्यांतील किती ग्रंथी कामाला लागतील, हे बालपणीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत ठरते, असे जपानी शरीरशास्त्रज्ञ कुनो यांना आढळले होते. उष्ण प्रदेशात जन्मून वाढलेल्या मुलांच्या अधिक ग्रंथी जाग्या होतात. आपल्याकडची आजी बाळाला उन्हाळ्यात उघडे खेळू देते, तेव्हा तिला हे शास्त्र ठाऊक नसते, पण त्या बाळाची त्वचा विदर्भात राहण्याचे शिक्षण घेत असते.

घाम नुसता आल्याने शरीर थंड होत नाही. तो वाळला पाहिजे. एक लिटर घामाची वाफ होताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीरातून जाते. जो घाम थेंबाथेंबाने जमिनीवर गळतो तो वाया गेला. आपल्या अंगणातील माठ याच रीतीने पाणी गार करतो. मातीच्या छिद्रांतून पाणी झिरपते, बाहेर येऊन वाळते आणि जाताना आतील उष्णता घेऊन जाते. खिडकीत बसविलेला कूलरही तेच करतो. म्हणूनच मे महिन्यात उत्तम चालणारा कूलर मृग नक्षत्र लागून हवा दमट झाली की निकामी होतो, आणि त्याच दिवसांत अंगाची काहिली होते. विदर्भाची कोरडी हवा ही या अर्थाने एक कृपाच आहे.

परंतु या कृपेत एक धोका लपलेला आहे. मुंबईत घाम दिसतो, शर्ट भिजतो, माणूस सावध होतो. आष्टीत घाम येताक्षणी वाळतो. अंग कोरडे असते, कपड्यांवर फार तर मिठाचा पांढरा डाग दिसतो. ‘मला तर घामही आला नाही,’ असे म्हणणाऱ्या माणसाच्या शरीरातून दुपारभरात दोन लिटर पाणी गेलेले असू शकते. कष्टाचे काम करणाऱ्याच्या शरीरातून तर तासाला एक लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम जातो.

मग हे पाणी येते कोठून? रक्तातून. रक्तातील पातळ द्रव, ज्याला प्लाझ्मा म्हणतात, तो प्रौढ माणसात केवळ तीन लिटरच्या आसपास असतो. त्यातून पाणी गेले की पेशींमधील पाणी त्याची भरपाई करू लागते आणि दुसरीकडे मूत्रपिंडे काटकसरीला लागतात. या दोन लहानशा अवयवांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्यांचे काम ऐकल्यावर मन थक्क होते. प्रत्येक मूत्रपिंडाचे वजन सुमारे दीडशे ग्रॅम, मूठभर आकार. त्यात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पाचवा हिस्सा एकट्या या दोघांकडे जातो. दिवसभरात त्या गाळण्यांतून १८० लिटर द्रव गाळला जातो. तीन लिटर प्लाझ्मा, आणि गाळणे १८० लिटरचे! म्हणजे तोच द्रव दिवसातून साठ वेळा धुतला जातो. यातील फक्त दीड लिटर मूत्रावाटे बाहेर टाकले जाते. उरलेले सर्व पाणी, त्यातील मीठ, साखर आणि उपयुक्त द्रव्ये तोलूनमापून रक्तात परत घेतली जातात. हे परत घेण्याचे काम थोडे जरी बिघडले तरी माणूस काही तासांत कोरडा पडेल.

रोजात दुपार होते तेव्हा मेंदूच्या तळाशी असलेले एक छोटेसे केंद्र रक्ताची घनता मोजत असते. घनता शेकडा एक-दोन इतकीच वाढली तरी ते केंद्र दोन आज्ञा देते. पहिली आज्ञा एका संप्रेरकामार्फत मूत्रपिंडांना जाते: पाणी राखा. लघवी कमी आणि गडद होते. दुसरी आज्ञा आपल्याला जाते, तिलाच आपण तहान म्हणतो. मूत्रपिंडांची काटकसरही अमर्याद नाही. शरीरातील कचरा बाहेर टाकण्यासाठी निरोगी माणसालाही दिवसाला निदान अर्धा लिटर मूत्र तयार करावेच लागते. उन्हाळ्यात जळजळ होऊन थेंबथेंब लघवी होते, ज्याला आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो, ती याच ताणाची खूण असते.

येथे सहेरीविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. अनेकजण सहेरीची वेळ संपता संपता चार-पाच पेले पाणी एकदम पितात आणि दिवसभराची बेगमी झाली असे मानतात. शरीर उंटाची कातडी पखाल नव्हे. एकदम आलेले जादा पाणी मूत्रपिंडे एक-दोन तासांत बाहेर काढून टाकतात. (उंटही मदारीत पाणी साठवत नाही, तेथे चरबी असते, पण तो विषय निराळा.) इफ्तारपासून सहेरीपर्यंत थोड्या थोड्या अंतराने प्यालेले पाणी, आणि त्याच्यासोबत ताक, वरण, भाजी अशा अन्नातून मिळालेले मीठ, हे शरीरात अधिक काळ टिकते.

आता इफ्तारचा क्षण. मगरिबची अजान होते, खजूर तोंडात जाते, दोन घोट पाणी घशाखाली उतरते आणि तहान शमते. वस्तुतः त्या क्षणी पाणी पोटातच असते. आतड्यांतून रक्तात मिसळून रक्ताची घनता खाली येण्यास बराच वेळ लागतो. मग तहान आधीच कशी शमली? तोंड आणि घसा गिळलेल्या पाण्याची वर्दी मेंदूला देतात आणि मेंदू त्या वर्दीवर विश्वास ठेवून तहान मागे घेतो. तसे झाले नसते तर रक्त पातळ होईपर्यंत आपण पीतच राहिलो असतो आणि पोट फुगून आजारी पडलो असतो. इफ्तारच्या वेळी प्रेषित मुहम्मद (स.) जी दुआ करीत, ती अबू दाऊद यांच्या संग्रहात आली आहे. तिच्यात प्रथम तहान गेल्याचा आणि त्यानंतर शिरांना ओलावा मिळाल्याचा उल्लेख आहे. मला हा क्रम फार सुंदर वाटतो. मात्र त्यावरून कोणी शरीरशास्त्राचा सिद्धान्त काढू नये. कुरआन आणि हदीस मार्गदर्शनासाठी आहेत. प्रत्येक नव्या शोधाला ओढूनताणून आयत जोडण्याची हौस आपल्याकडे वाढली आहे, ती मला पसंत नाही. उद्या शोध बदलला तर आपण आयतीचे काय करणार?

तहान शमते ती वर्दीवर, हे लक्षात ठेवून पुढची गोष्ट ऐकावी. तहान लागते तीही एका वर्दीवरच. आणि ही वर्दी देणारी व्यवस्था वयाबरोबर थकते.

१९८४ साली ऑक्सफर्डच्या डॉक्टरांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ६७ ते ७५ वयाचे सात निरोगी वृद्ध आणि २० ते ३१ वयाचे सात तरुण यांना २४ तास पाणी दिले नाही. नंतर रक्त तपासले तेव्हा वृद्धांचे रक्त तरुणांपेक्षा अधिक घट्ट झालेले आढळले. म्हणजे पाण्याची गरज वृद्धांना अधिक होती. पण तहानेविषयी विचारले असता तरुणांनी तोंड कोरडे पडल्याची आणि तीव्र तहानेची तक्रार केली. वृद्धांना मात्र फारशी तहान नव्हती. पुढे पाणी समोर ठेवले तेव्हाही ते थोडेच प्याले आणि त्यांच्या रक्ताची घनता पूर्ववत झाली नाही.

हे वाचले तेव्हा मला आमच्या मोहल्ल्यातील एक वृद्धा आठवल्या. सारा मोहल्ला त्यांना दादी म्हणतो, मीही म्हणतो. २०१९ साली रमजान ७ मे रोजी सुरू झाला. रोजा साडेचौदा तासांच्या आसपास होता. दादींचे वय सत्तरीच्या पुढे. रक्तदाबाची गोळी चालू. घरातील तरुण मुले दुपारी ओला टॉवेल अंगावर घेऊन पडून राहत, आणि दादी मात्र तसबीह घेऊन ओसरीत बसलेल्या असत. ‘तुम्ही आजकालची पोरं लगेच कोमेजता,’ त्या म्हणत, ‘मला तर तहान लागतच नाही. अल्लाहचा करम आहे.’ आम्ही सर्वजण कौतुकाने ऐकत होतो. मीही मुलांना त्यांचे उदाहरण देत होतो, ही गोष्ट आज सांगताना संकोच वाटतो.

एकोणिसाव्या रोजाला असरनंतर दादी असंबद्ध बोलू लागल्या. सुनेला त्यांनी स्वतःच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. घरच्यांना प्रथम वाटले, झोपेत आहेत. उठवून बसविले तर तोल जाऊन पडल्या. दवाखान्यात नेले तेव्हा दिवसभरात लघवी झालेली नव्हती. सलाइन लावले, दोन दिवसांनी त्या शुद्धीवर आल्या. मूत्रपिंडांना मात्र काही इजा कायमची झाली. डॉक्टरांनी मुलाला एकच प्रश्न विचारला: ‘त्यांनी पाणी मागितले नाही, पण तुम्ही कोणी दिले का?’

म्हाताऱ्या शरीरावर उन्हाळ्यात चारही बाजूंनी ओढ असते. मुळात पाण्याचा साठा कमी. मूत्रपिंडांची काटकसर करण्याची शक्ती घटलेली, त्यामुळे पाणी कमी पडले असतानाही ते मूत्रावाटे जात राहते. घाम उशिरा आणि कमी येतो. हृदयालाही मोठे काम पडते. कडक उष्म्यात त्वचेकडे मिनिटाला सहा-सात लिटरपर्यंत रक्त पाठवावे लागते, ते थकलेल्या हृदयाला झेपत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढविणाऱ्या असतात, त्या यात भर घालतात. आणि या सर्वांवर कळस म्हणजे तहान नाही. घरात आग लागावी आणि पहारेकरी झोपलेला असावा, तसे हे आहे. दादी ज्याला अल्लाहचा करम समजत होत्या, ती झोपलेल्या पहारेकऱ्याची शांतता होती.

दादी घरी परतल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. पुढील वर्षी रोजे ठेवता येणार नाहीत, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. दादी रडल्या. नऊ वर्षांची असल्यापासून त्यांनी रोजा सोडलेला नव्हता. ‘मी काय गुन्हा केला, की माझ्या हातून हे काढून घेतलं?’ असा त्यांचा प्रश्न होता. घरात दोन मते पडली. मुलगा म्हणत होता, डॉक्टरचे ऐकावे. नातलगांपैकी एकजण म्हणाले, मरण आले तरी रोजात यावे, याहून भाग्य कोणते?

हे शेवटचे वाक्य मी अनेक घरांतून ऐकले आहे. त्यामागची श्रद्धा खोटी नाही. पण ते वाक्य धर्माचे नव्हे. सूरह बकराच्या १८४ आणि १८५ या आयतींमध्ये, जेथे रोजांची आज्ञा आहे तेथेच, त्याच ओघात, आजारी आणि प्रवासी यांना सवलत दिलेली आहे आणि अल्लाहला तुमची सोय हवी, अडचण नको, असा तिचा आशय आहे. सवलत ही आज्ञेला नंतर लावलेले ठिगळ नाही. ज्याने मूत्रपिंड घडविले त्यानेच त्याची मर्यादा जाणून ही आज्ञा दिली.

प्रेषित (स.) एका प्रवासात असताना लोकांचा घोळका दिसला, उन्हाने व्याकूळ झालेल्या एका माणसावर लोक सावली धरून उभे होते. चौकशी केली तेव्हा कळले की त्याचा रोजा आहे. अशा प्रवासात रोजा ठेवणे हे पुण्य नव्हे, असे त्यांनी बजावले. ही घटना बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. दुसरी घटना अबू दाऊद यांनी नोंदविली आहे आणि ती अधिक हृदयद्रावक आहे. डोक्याला जखम झालेल्या एका माणसाला गुस्लची गरज पडली. त्याने सोबत्यांना विचारले, मला तयम्मुमची सवलत आहे का? त्यांनी नाही म्हटले. त्याने स्नान केले आणि तो मरण पावला. प्रेषितांना (स.) हे कळले तेव्हा त्यांनी त्या सोबत्यांवर कडक शब्दांत रोष व्यक्त केला: ठाऊक नव्हते तर विचारले का नाही? सवलत असताना ती नाकारणाऱ्या सल्लागारांवर एवढा रोष झालेला वाचून मी थांबलो. दादींच्या घरी सल्ला देणाऱ्यांत मीही होतोच.

वृद्धापकाळामुळे ज्यांना रोजा झेपत नाही आणि पुढेही झेपण्याची आशा नाही, त्यांच्यासाठी फिदया आहे: प्रत्येक रोजाबद्दल एका गरजूचे दोन वेळचे जेवण, अथवा सदका-ए-फित्राइतके धान्य. हजरत अनस (रजि.) यांनी उतारवयात, रोजा झेपेनासा झाला तेव्हा, असेच गरजूंना जेवू घातले. प्रेषितांची (स.) अनेक वर्षे सेवा केलेले ते सहाबी, त्यांना यात कमीपणा वाटला नाही. आणि हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांची हकीकत तर दादींना मी स्वतः वाचून दाखविली. तरुणपणी ते रोज रोजा ठेवीत. शरीराचाही तुमच्यावर हक्क आहे, महिन्यात तीन रोजे पुरे, असे प्रेषितांनी (स.) त्यांना समजाविले. त्यांनी अधिकाची परवानगी मागून घेतली आणि एक दिवसाआड ठेवू लागले. पुढे म्हातारपणी ते म्हणत असत की, त्या दिवशी दिलेली सवलत मी स्वीकारली असती तर बरे झाले असते.

ज्याचा आजार बरा होण्याजोगा आहे, त्याने पुढे हिवाळ्याच्या लहान दिवसांत कजा रोजे ठेवावेत; त्याच्यासाठी फिदया नाही. उन्हात मजुरी करणाऱ्यांबाबत अनेक उलमांनी सांगितले आहे की त्याने सहेरी करून, नीयत करून दिवस सुरू करावा, शक्यतो काम पहाटेच्या वेळी उरकावे. जिवाला धोका वाटू लागला तर रोजा सोडावा आणि नंतर कजा करावा. ज्यांना साखर, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांनी रमजानच्या महिना-दीड महिना आधीच डॉक्टरांना भेटून गोळ्यांच्या वेळा ठरवून घ्याव्यात. रमजानच्या आदल्या रात्री विचारणे म्हणजे न विचारणेच.

घरातील वृद्धांबाबत तहानेवर विसंबू नये. लघवीचा रंग गडद तपकिरी होणे, दुपारनंतर ती बंद होणे, उभे राहताना भोवळ येणे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बोलण्यात विसंगती येणे, या खुणा तहानेपेक्षा खऱ्या आहेत. बोलणे विसंगत झाले की मगरिबची वाट पाहू नये. त्वरित सावलीत घ्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, म्हणजे न येणाऱ्या घामाचे काम आपण बाहेरून करतो. आणि दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी ओतू नये.

२०२० चा रमजान एप्रिलच्या अखेरीस आला, टाळेबंदीत. मजुरी बंद होती. दादींनी आपल्या तीस रोजांचा फिदया धान्याच्या रूपाने काढला आणि तो मोहल्ल्यातील अशा एका घरी पोचविला, जेथे त्या दिवसांत चूल पेटण्याची वानवा होती. धान्य मोजताना प्रत्येक मापाला त्या ‘बिस्मिल्लाह’ म्हणत होत्या. सहेरीला त्या अजूनही सर्वांच्या आधी उठतात, सुनेला हाक मारतात. इफ्तारच्या दस्तरख्वानावर त्यांची जागा मधोमध असते.

दिवसा त्या आतल्या खोलीत, रोजेदारांच्या नजरेआड पाणी पितात. तहान त्यांना आजही लागत नाही. म्हणून सुनेने एका वाटीत खजुराच्या आठ बिया ठेवल्या आहेत. एक पेला झाला की एक बी दुसऱ्या वाटीत टाकायची. असरला सून दोन्ही वाट्या पाहून जाते.